फळीला आलेला बाक

बाक फळीच्या मधोमध नव्हता. मध्यापासून उजवीकडे अकरा सेंटिमीटरवर तो सर्वांत खोल होता, चार मिलिमीटर आणि वर थोडासा. मी स्टीलची लांब पट्टी फळीच्या पुढच्या मोकळ्या कडेवर आडवी धरली तेव्हा पट्टी आणि लाकूड यांच्यामधून खिडकीचा उजेड आला. त्या उजेडाच्या फटीत मी जाडी मोजायची पाती एकावर एक ठेवून सरकवत गेले. शेवटच्या पात्याला लाकूड किंचित घासलं तशी मी थांबले. आकडा वहीत लिहिला, पट्टी उचलली आणि उलटी ठेवून पुन्हा मोजलं, कारण पट्टी स्वतः वाकडी असेल तर ते असंच कळतं. आकडा तोच आला. ही फळी मी स्वतः केली होती, एकोणीस वर्षांपूर्वी, माझ्या धाकट्या भावासाठी. अठरा मिलिमीटरचं प्लायवुड, खाली दोन आडव्या पट्ट्या, कडा घासून गोल केलेल्या, चारही कोपऱ्यांना रबर. करण्याआधी मी एका कागदावर हिशेब मांडला होता की माणूस पायाने बटण दाबतो तेव्हा साधारण चार-पाच किलोचा भार येतो, आणि तेवढ्याने ही फळी पाव मिलिमीटरसुद्धा झुकणार नाही, आणि पाय उचलला की तेवढीही झुकलेली राहणार नाही. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

"काय म्हणते फळी?" ठोक्या दाराशी उभा होता.

"वाकलीये."

"ते मला दिसतंय गं ताई. त्यासाठी एवढी हत्यारं कशाला लागतात?"

"किती वाकलीये ते तुला दिसत नाही."

"म्हणजे शेवटी तुझं गणित चुकलं म्हणायचं," तो म्हणाला आणि अगदी मनापासून हसला. "एकोणीस वर्षांनी का होईना! आई असती तर कुठेतरी लिहून ठेवलं असतं."

ठोक्या हे नाव आईनेच ठेवलेलं. तो जेवायच्या टेबलावर चमच्याने ठोकायचा, अंघोळीला बसला की बादलीवर, आजारी पडला की भिंतीवर. "अरे ठोक्या, टेबल फुटेल!" हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा म्हटलं गेलं की त्यातलं टेबल गळून पडलं आणि ठोक्या तेवढा उरला. आता तो पंचेचाळीस वर्षांचा आहे. पंचवीस वर्षं तो गाणाऱ्यांच्या मागे उभा राहून गिटार वाजवत आला आहे. गाणारे बदलत गेले, त्यांच्या पाठी बदलत गेल्या. त्या पाठींकडे बघत त्याने आयुष्य काढलं असं तो कधीकधी म्हणतो, पण तक्रार म्हणून नाही. तीन आठवड्यांनी, पहिल्यांदाच, एका मध्यम आकाराच्या सभागृहात त्याच्यासमोर कोणाचीही पाठ नसणार होती. त्याने स्वतः बांधलेलं एकच संगीत, अठरा मिनिटांचं, आणि ते वाजवणारा तो एकटा. म्हणून त्याला नवा, भक्कम पेडलबोर्ड हवा होता. आणि भक्कम म्हणजे काय हे ठरवायला त्याने मला बोलावलं होतं, कारण मी वजनं तपासते. म्हणजे माझ्या नोकरीत मी तेच करते: दुकानांचे, दवाखान्यांचे, कारखान्यांचे काटे खरं बोलतात की नाही हे काचेमागच्या एका शांत खोलीत बसून पाहते.

पेडल म्हणजे साबणाच्या डबीएवढी किंवा तिच्याहून थोडी मोठी धातूची पेटी. तिच्या माथ्यावर एक बटण, पोटात तारा. गिटारचा आवाज एका पेटीतून दुसरीत जात जात शेवटी बाहेर येतो, आणि वाटेत प्रत्येक पेटी त्याला काहीतरी करते. एक त्याला जाड करते, एक थरथर देते, एक तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवते, दर वेळी थोडा फिका. हात गिटारवर गुंतलेले असतात म्हणून हे सगळं पायाने करायचं. अशा नऊ पेट्या एका फळीवर पक्क्या बसवल्या की पायाला त्यांची जागा पाठ होते. अंधारात जिन्याची शेवटची पायरी जशी पायाला माहीत असते तशी. या नऊ पेट्यांपैकी उजवीकडचं, लूपचं पेडल मला अजून पुरतं समजलेलं नाही. त्यातली विजेची जोडणी मी समजून घेतली आहे, तरी म्हणते. ते एकदा दाबलं की त्यानंतर वाजवलेलं सगळं ते पकडून ठेवतं, दुसऱ्यांदा दाबलं की तेवढाच तुकडा गोल गोल वाजत राहतो, आणि त्याच्यावर माणूस दुसरं काही वाजवू शकतो, मग तिसरं. पहिल्यांदा मी ते संगीत ऐकलं तेव्हा ठोक्याच्या याच खोलीत, कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीवर बसले होते. ठोक्याने चार सुरांचा एक साधा तुकडा वाजवला, पायाने पुन्हा बटण दाबून झाकला आणि हात गिटारवरून काढून घेतला. तुकडा वाजतच राहिला. मग त्याच्यावर दुसरा, मग तिसरा. सातव्या थरानंतर माझ्यासमोर एक माणूस उभा होता आणि खोलीत सात माणसं होती, सातही तोच, एक मिनिटापूर्वीचा, दोन मिनिटांपूर्वीचा, आणि आत्ताचा ठोक्या त्या सगळ्यांच्या मधोमध डोळे मिटून उभा, जणू स्वतःच्याच वयांच्या घोळक्यात. माझ्या हातांवरचे केस उभे राहिले होते. घरी जाताना मी दोन स्टॉप आधी उतरले आणि चालत गेले, कारण त्या सात माणसांना घेऊन गर्दीत बसणं मला जमेना.

पण त्या सगळ्याचा जीव दोन दाबण्यांमधल्या अंतरात आहे. दुसऱ्यांदा दाबताना पाय सेकंदाच्या पंधराव्या-विसाव्या भागाने जरी चुकला, तरी ती चूक एकदाच होऊन संपत नाही. दर फेरीला ती परत येते, सातही माणसं तिथेच अडखळतात. गेले तीन-चार महिने ती अडखळत होती. ठोक्याचं म्हणणं होतं की फळीमुळे. "बटण दाबलं की आत एक टिचकी बसते ना, ती तळव्याला कळते," तो मला समजावत होता. "कानाला ऐकू यायच्या आधी तळव्याला कळते. ती आता कळतच नाही. फळी मऊ पडलीये, टिचकी गिळून टाकते. खाली काहीतरी दगडासारखं पाहिजे, ताई. लोखंड असेल तर लोखंड." हे ऐकून मला वाईट वाटलं होतं, कारण ती फळी माझी होती.

फळी मोजून झाल्यावर सकाळीच आम्ही दुकानात गेलो. दुकानदार ठोक्याच्या ओळखीचा, जाड काचांचा चष्मा लावणारा, प्रत्येक वस्तूची स्वतःच्या लेकीसारखी ओळख करून देणारा. त्याने पाच बोर्ड जमिनीवर ओळीने मांडले. दोन अ‍ॅल्युमिनियमचे, आडव्या पट्ट्यांचे, म्हणजे वायरी खालून नेता येतात. एक घडीचा, जो मी उचलला आणि बिजागरी पाहून परत ठेवला. एक टेबलाच्या उंचीच्या स्टँडवर बसणारा, ज्याच्याकडे ठोक्याने पाहिलंही नाही. आणि एक जाड पोलादी पत्र्याचा, काळा, कोपरे जोडलेले नसून एकाच पत्र्यातून वळवलेले. "यावर हत्ती नाचला तरी चालेल," दुकानदार म्हणाला.

"हत्ती किती किलोचा?" मी विचारलं.

त्याने ठोक्याकडे पाहिलं. "मॅडम नेहमी असंच विचारतात?"

"लहानपणापासून," ठोक्या म्हणाला. "एकदा आईने हिला मूठभर काहीतरी आणायला सांगितलं, तर ही विचारते, कोणाची मूठ?"

मी गुडघे टेकून पोलादी बोर्डच्या पोटाखाली हात घालून पाहत होते. मला अशा वस्तू आवडतात. कोणीतरी विचार करून पत्र्याची कड एकदा नाही तर दोनदा आत वळवलेली असते, आणि ती दुसरी घडी कोणालाच दिसणार नसते, फक्त भार आला की ती आपलं काम करते. माझ्या बोटांना ती घडी लागली तेव्हा मला तो अनोळखी माणूस क्षणभर भेटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात माझ्या डोक्याजवळ धाडकन आवाज झाला आणि बोर्ड माझ्या हाताखाली हादरला. ठोक्याने त्याच्यावर एक पेडल ठेवून दाबून पाहिलं होतं.

"हळू, साहेब!" दुकानदार ओरडला. "बटण आहे ते, झुरळ नाही!"

आम्ही तिघंही हसलो. ठोक्याने पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच, आणि दाबताना त्याने खाली पाहिलं. ते माझ्या लक्षात राहिलं. ठोक्या वाजवताना कधीच खाली बघत नसे. खाली बघणाऱ्या वादकांना तो पैसे पडलेत का म्हणून चिडवायचा. मग मला आठवलं की त्याने अलीकडे त्याच्या नऊही पेडलांवर चमकणाऱ्या टेपचे तुकडे चिकटवले होते, आणि मी विचारलं तेव्हा म्हणाला होता, स्टेजवर हल्ली उजेड नीट नसतो. "हाही मऊच वाटतोय," तो आता पोलादाबद्दल म्हणाला. दुकानदाराने चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. "आजचा दिवस सगळे बाजूला ठेवतो," तो म्हणाला. "संध्याकाळच्या आत ठरवा आणि सांगा. मीच फोन करतो."

परतताना ठोक्या बोलत होता आणि मी ऐकत नव्हते. माझ्या डोक्यात त्याच्या पहिल्या पेडलची पेटी होती. मी वीस वर्षांची होते, तो चौदाचा. कोणाकडून तरी जुनं, प्रतिध्वनी देणारं एक पेडल त्याने मिळवलं होतं. त्याचं पायाचं बटण तुटलेलं, आतली पितळी काडी तेवढी वर डोकावत होती, जी फक्त बोटाने दाबता येई. मग मी जमिनीवर मांडी घालून बसायचे, अंगठा त्या काडीवर ठेवून, आणि तो मान हलवेल तेव्हा दाबायचे. काही दिवसांनी त्याला मान हलवावी लागेना. श्वास घेताना त्याचा डावा खांदा जरासा वर जायचा, तेवढं पुरे व्हायचं. मी दाबलं की त्याचा एक सूर त्याला सोडून खोलीच्या टोकाला जायचा आणि परत यायचा, मग परत जायचा, दर वेळी अर्ध्याने लहान होत, आणि मी मनात मोजायचे की तो नेमका कधी नाहीसा होतो. कधीच सापडायचं नाही. तो ऐकू यायचा थांबायचा, पण संपायचा नाही, हे मला तेव्हा कळलं, आणि मी विज्ञान शिकायला गेले त्याचं खरं कारण बहुधा तेच आहे, प्रवेशाच्या अर्जात मी काहीही लिहिलं असलं तरी. ती काडी दाबताना मी कधी चुकले नाही. "ताई, तू माझ्याबरोबर स्टेजवर ये," तो म्हणाला होता, त्याच्या पहिल्या कार्यक्रमाच्या आधी. "कोपऱ्यात बस. कोणाला दिसणारही नाहीस." त्याच वर्षी कॉलेजात मला माझा एक निबंध सगळ्यांसमोर वाचायचा होता, आणि मी कागद हातात धरून उभी राहिले होते, तोंड उघडलं होतं, आणि काहीही बाहेर आलं नव्हतं. शेवटी सरांनी माझ्या हातातून कागद घेऊन तो वाचला आणि मी बाजूला खांबासारखी उभी राहून माझीच वाक्यं ऐकली. ठोक्याला मी ते सांगितलं नाही. त्याला मी म्हटलं, "बघू." मग परीक्षा आली, मग नोकरी, मग त्याने पेडलचं बटण दुरुस्त करून घेतलं. दर पाच-सात वर्षांनी तो विचारतो, "ताई, तुझं ते 'बघू' अजून चालूच आहे का?" आणि मी हसते. त्याला एकतीस वर्षं झाली.

घरी त्याच्या बायकोने चहा ठेवला होता. "मिळाला का एकदाचा?" तिने विचारलं. "ताई, तुम्हीच काय ते ठरवून टाका. याच्यावर सोडलं तर कार्यक्रम होऊन जाईल आणि हा दुकानातच. याचं हल्ली डोकं ठिकाणावर नसतं. परवा ऐका काय झालं. हा बसमधून उतरून घरी आला, दारात उभा, आणि एका पायात चप्पलच नाही! कुठे राहिली विचारलं तर म्हणतो, राहिली वाटतं. अख्खा रस्ता एका चपलेने चालत आला आणि साहेबांना पत्ता नाही."

"नवीन तुकडा डोक्यात होता," ठोक्या म्हणाला.

"कलावंत ना!" ती हसत म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

मी हसले नाही. मी त्याच्या खोलीत गेले आणि जुन्या फळीवरची पेडलं एकेक करून काढायला लागले. ती खाली खरखरीत पट्ट्यांनी चिकटवलेली असतात, ओढली की कापड फाटल्यासारखा आवाज येतो. नऊही निघाल्यावर फळी मी खिडकीत तिरपी धरली. तिच्यावर एकोणीस वर्षं होती. प्रत्येक पेडलच्या खाली चार छोटे रबरी पाय असतात, आणि त्यांनी लाकडात चार-चार गोल खुणा उठवल्या होत्या. कुठलं पेडल कधी कुठे होतं ते सगळं तिथे लिहिलेलं होतं. लूपचं पेडल सात वर्षं डाव्या कडेला होतं. गेल्या वर्षी त्याने ते उजवीकडे आणलं. डावीकडच्या सात वर्षांच्या खुणा मी बोटाने चाचपल्या. जेमतेम लागत होत्या, नखाने शोधाव्या लागत होत्या. उजवीकडच्या एका वर्षाच्या खुणांमध्ये माझ्या करंगळीचं टोक बसलं. आणि त्या चार खड्ड्यांचा मध्य फळीच्या मध्यापासून बरोबर अकरा सेंटिमीटरवर होता.

लाकूड म्हातारं होतं, वजनाने हळूहळू बसतं, हे मी धरून चालले होते. पण म्हातारपण सगळीकडे सारखं येतं. हे म्हातारपण नव्हतं. माझा कागद बरोबर होता, फक्त भार मी धरलेला तो नव्हता. कोणीतरी इथे पाच किलोने नव्हे, चाळीस-पन्नास किलोने दाबत होतं, दिवसातून शंभर वेळा, एक वर्ष. ठोक्या म्हणत होता फळी वाकली म्हणून त्याला टिचकी कळत नाही. तसं नव्हतं. त्याला टिचकी कळत नव्हती म्हणून फळी वाकली होती.

माझ्या पिशवीत चष्म्याच्या घरात एक काडी असते. खरं तर ती माझ्याकडे असायचं काही कारण नाही. दवाखाने आमच्याकडे अशा काड्या तपासायला पाठवतात, आणि एकदा एका खोक्यातली एक जास्तीची निघाली, ती त्यांनी परत घेतली नाही. पेनाएवढा दांडा आणि त्याच्या टोकाला नायलॉनचा एक तंतू, पिकलेल्या केसापेक्षा बराच जाड. त्वचेवर टोक टेकवून दाबलं की तंतू बरोबर दहा ग्रॅमला वाकतो. त्याहून जास्त दाबायचं म्हटलं तरी दाबता येत नाही, तो फक्त आणखी वाकतो. माझी मी तपासली होती, नऊ पूर्णांक आठ दशांश ग्रॅम. मला ती वस्तू इतकी सुंदर वाटते की मी ती बाळगते, लोक दगड किंवा शिंपला बाळगतात तशी. काटा नाही, आकडा नाही, फक्त एक तंतू ज्याला स्वतःचं वजन ठाऊक आहे. आणि तळवा, सबंध शरीर आयुष्यभर पेलणारा, ज्याची कातडी सगळ्यात जाड, तो एवढासा स्पर्श ओळखतो. निरोगी तळव्याला दहा ग्रॅम सहज कळतात. त्याखाली मज्जातंतूंची टोकं दाटीवाटीने जागी असतात, प्रत्येक पावलाला खालून येणारी थरथर वर कळवत. आपण कधी त्यांचे आभार मानत नाही.

"ठोक्या," मी हाक मारली. "इकडे ये. पलंगावर आडवा हो. मोजे काढ."

"आता काय, माझी जाडी मोजतेस?"

"डोळे मीट. मी तळव्याला काहीतरी लावणार आहे. लागलं की हो म्हण."

"गुदगुल्या केल्यास तर लाथ बसेल, आधीच सांगतो." तो आडवा झाला आणि त्याने डोळे मिटले. अंगठ्याच्या खालच्या बाजूला एक घट्टा होता आणि टाचेजवळ एक चीर, जुनी, कोरडी, जिच्याबद्दल त्याने कधी काही सांगितलं नव्हतं. मी तंतू अंगठ्याला टेकवला, तो वाकला. "हो." चवड्याला. "हो." कडेला. "हो." दुसऱ्या बाजूला. "हो." पाचवा, सहावा, सातवा. "हो. हो. हो." मी मनात स्वतःला हसले, करंगळीचं टोक आणि लाकडाचे खड्डे आणि काय काय. आठव्या वेळी मात्र मी थबकले. त्याचा हो माझ्या स्पर्शानंतर येत नव्हता. स्पर्शाबरोबर येत होता. माणसाला लागलेलं कळून तोंडातून शब्द निघायला थोडा तरी वेळ जातो, अर्ध्या सेकंदाच्या आसपास. तो वेळ कुठेच नव्हता. आणि आठवा हो तर तंतू टेकायच्या किंचित आधी आला होता. मी सवयीने सारख्या अंतराने टेकवत होते. प्रयोगशाळेत मी सगळं सारख्या अंतराने करते, दोन सेकंद, दोन सेकंद. आणि समोर पलंगावर पडलेल्या माणसाच्या नसानसांत ठेका होता.

मी हात मागे घेतला. काडी हवेत धरली आणि काहीच केलं नाही.

"हो," ठोक्या म्हणाला.

दोन सेकंदांनी, डोळे मिटलेलेच, चेहरा शांत, तो पुन्हा म्हणाला, "हो."

मी त्याला थांबवलं नाही. मला लाज वाटते पण त्या क्षणी मला आधी भीती वाटली नाही, दुःखही नाही. मी त्याचे ते हो ऐकत राहिले. तळवा गप्प होता आणि तरी ठोक्या त्याच्या जागी अचूक उत्तर देत होता, अंधारात, कोणीही न विचारता, दोन सेकंदांच्या अंतराने, माझ्या घड्याळापेक्षा नेमकं. आईच्या टेबलावरचा चमचा अजून थांबलेला नव्हता. मग तिसऱ्या होनंतर त्याने डोळे उघडले, कारण खोली फार शांत झाली होती. त्याने माझ्या हातातली काडी पाहिली, त्याच्या पायापासून वीतभर लांब.

"किती चुकले?" त्याने विचारलं.

"मोजले नाहीत."

"तू? मोजले नाहीस?" तो उठून बसला. मग बराच वेळ स्वतःच्या पायांकडे बघत राहिला, कोणी दुसऱ्याचे तिथे आणून ठेवल्यासारखे. "मी फसवत नव्हतो गं. मला खरंच वाटत होतं, कळतंय."

"माहीत आहे मला."

"शुगर असणार," तो म्हणाला. "डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं तपासून घ्या म्हणून. हिला बोललो नाही."

"उद्या सकाळी जायचं. मी येते बरोबर. टाचेची चीर आधी दाखवायची."

"जाईन. पण ताई, खरं सांग. तू खोटं बोलत नाहीस म्हणून विचारतो. तीन आठवड्यांत हे परत येतं का?"

"नाही. आहे ते सांभाळता येतं. गेलेलं कदाचित येणारच नाही."

त्याने मान हलवली. त्याला रडू आलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तो उठला, गिटार गळ्यात अडकवली आणि म्हणाला, "म्हणजे लोखंड घ्या नाहीतर दगड घ्या, सारखंच. सभागृहवाल्यांना आजच फोन करतो. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या पाठीमागे काय वाईट होतं? तिथे लूप नसतो." मग फोन शोधण्याऐवजी त्याने, हात तिथे होतेच म्हणून, तो चार सुरांचा तुकडा वाजवायला घेतला. लूपचं पेडल मी काढून जमिनीवर ठेवलं होतं, माझ्या गुडघ्याजवळ, वायर अजून जोडलेली. तो त्याच्याकडे बघतही नव्हता. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता, माझ्याकडे पाठ. तुकडा सुरू व्हायच्या आधी त्याने श्वास घेतला आणि त्याचा डावा खांदा जरासा वर गेला.

माझा अंगठा बटणावर होता. तो तिथे कधी गेला ते मला सांगता येणार नाही. मी दाबलं. बटण कडक होतं, आतली स्प्रिंग एका क्षणापर्यंत विरोध करत राहिली आणि मग टिचकी बसली, माझ्या अंगठ्याच्या हाडापर्यंत. इतकी स्पष्ट होती ती. दाराला कडी लागावी तशी. चार सूर गेले, शेवटचा सूर वळला, खांदा पुन्हा उचलला, मी पुन्हा दाबलं. ठोक्याने हात काढून घेतले. तुकडा वाजत राहिला. जोड कुठे आहे ते मी ऐकायला गेले आणि मला तो सापडला नाही. एक फेरी, दुसरी, तिसरी. कुठेही अडखळ नव्हती. खोलीत एक माणूस गोल गोल चालत होता आणि त्याच्या पावलांचा आवाज कुठेच चुकत नव्हता. आत भांड्यांचा आवाज थांबला. दारात त्याची बायको हात पुसत येऊन उभी राहिली, आणि का कोण जाणे, काही न विचारता तिथेच टेकली. ठोक्या हळूच मागे वळला. त्याने पेडलकडे पाहिलं, माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. माझ्या त्या 'बघू'चं काय झालं हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला खऱ्या अर्थाने विचारता आलं असतं, आणि त्याने विचारलं नाही.

त्याने दुसरा थर वाजवला. मी झाकला. तिसरा. माझे गुडघे दुखत होते, मी एक्कावन्न वर्षांची आहे, आणि निबंधाचा कागद हातात धरून उभी राहिले होते तो दिवस मला आठवत होता. काचेमागची माझी खोली मला दिसत होती, हातमोजे, मखमलीच्या खाचांत ठेवलेली वजनं, जिथे कोणी माझ्याकडे बघत नाही. आणि समोर पाच-सहाशे खुर्च्या दिसत होत्या, रिकाम्या नसलेल्या. त्या दोन्हींच्या मध्ये सातवा थर बसला. सात माणसं आणि मी.

तेव्हाच माझा फोन वाजला. दुकानदार होता. मागचं सगळं वाजतच होतं, त्यामुळे तो ओरडून बोलत होता. "मॅडम, संध्याकाळ व्हायला आली! कुठला ठेवू? पोलादी ना?"

"नको," मी म्हटलं. "तो उंच स्टँडचा. टेबलाएवढा."

"तो? मॅडम, ऐकताय ना? तो पायासाठी नाही हो. एवढ्या उंचावर साहेबांचा पाय पोचणार कसा? का बसून वाजवणार आहेत ते?"

ठोक्या माझ्याकडे बघत होता. त्याची बायको माझ्याकडे बघत होती. मी उघडलेलं तोंड क्षणभर तसंच उघडं राहिलं, आणि मग माझा आवाज बाहेर आला, मला वाटला होता त्यापेक्षा मोठा.

"साहेब उभेच राहतील," मी म्हटलं. "स्टेजवर त्यांच्या शेजारी मी बसणार आहे."